कामाची मर्यादा
(निर्गम, अध्याय १८)

आमच्या ओळखीचे एक प्रचारक आहेत. सकाळीं शाळा, दुपारीं कोणाचा तरी अर्ज लिहिणें, सायंकाळीं भांडण मिटविणें, रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसणें. आणि उपासनेची घंटाही त्यांनींच वाजवावयाची. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं अंथरूण धरलें, तेव्हां घंटा वाजविणारादेखील मंडळींत कोणी निघाला नाहीं. कोणास ‘नाहीं’ म्हणणें म्हणजे सेवेंत कसूर, असें त्यांस वाटे. आम्हांसही पुष्कळ वर्षें तसेंच वाटत असे.

याकरितां हा अध्याय पुन्हां वाचावा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला होता; त्यानें तें पाहून जांवयास स्पष्ट बजाविलें कीं, हा भार एकट्यास झेपणार नाहीं, आणि तिष्ठत राहणाऱ्या लोकांचेही यांत हाल आहेत. ही दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतों. हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर विश्वासू माणसें नेमावीं, लहान वाद त्यांनीं तोडावे, अवघड तेवढे मोशेकडे यावे, असा त्यानें उपाय सांगितला. इथ्रोनें काम टाकावयास सांगितलें नाहीं, वांटावयास सांगितलें. मोशेनेंही मान्य केलें, हें विशेष; आम्हां पाळकांस दुसऱ्याच्या हातचें काम सहसा पसंतच पडत नाहीं!

परंतु जो दुसऱ्याच्या हाताखालीं राबतो, त्यास काम वांटून देण्याची मुभा नसते. त्यानें काय करावें? मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून ती मागितली. मालकांनीं ती १८९० च्या जूनमध्यें मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. तरी रविवारच्या विसाव्याविषयीं आम्हीं त्यांचे उपकार मानावे. एकट्या मजुराचें कोणीं ऐकलें असतें? हजारोंनीं मिळून मागितलें, तरी सहा वर्षें लागलीं.

आमच्या त्या प्रचारकांकडे आतां दोन तरुण आळीपाळीनें घंटा वाजवितात. अर्ज लिहिण्यास मंगळवार ठरला आहे. पहिल्याच आठवड्यांत एक वृद्ध गृहस्थ बुधवारीं कागद घेऊन आले. काम निकडीचें नव्हतें. त्यांस पुढच्या मंगळवारीं या म्हणून सांगतांना प्रचारकांचा गळा दाटून आला. परंतु त्यांनीं सांगितलें, आणि ते गृहस्थ मंगळवारीं आले.