भ्रष्टाचारविरोधी जनचर्चेकडून कायद्याकडे : महाराष्ट्राचा अनुभव

प्रशासनातील भ्रष्टाचार हा विषय आपल्याकडे नवा नाही. सन १९६२ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या संथानम समितीच्या शिफारशीनुसार सन १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने सन १९६६ मध्ये लोकपाल व लोकायुक्त या संस्थांची शिफारस केली. महाराष्ट्राने सन १९७१ मध्ये लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम संमत केला आणि पुढील वर्षी ही संस्था प्रत्यक्ष सुरू केली. तथापि, या सर्व संस्था शासनाने शासनावर देखरेख ठेवण्यासाठी निर्माण केलेल्या होत्या. देखरेखीचा अधिकार सामान्य नागरिकाच्या हाती देण्याचा विचार पुढे आला तो नव्वदच्या दशकातील जनचळवळींमुळे.

संकल्पनात्मक चौकट

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी सन १९८८ मध्ये भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले : एकाधिकार अधिक स्वेच्छाधिकार वजा उत्तरदायित्व. एखादा दाखला एकाच कार्यालयातून मिळत असेल, तो केव्हा द्यावयाचा हे एकाच अधिकाऱ्याच्या मर्जीवर असेल आणि विलंबाचा जाब कोणी विचारू शकत नसेल, तर तेथे लाचेला वाव निर्माण होतो. भ्रष्टाचार हा केवळ व्यक्तीच्या नीतिमत्तेचा प्रश्न नसून कार्यपद्धतीचाही प्रश्न आहे, हे या सूत्राचे सार होय. महाराष्ट्रातील कायद्यांचे मूल्यमापन याच कसोटीवर करता येते.

माहितीचा अधिकार

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने सन १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन रोजगाराच्या कामांवरील हजेरीपटांचे जाहीर वाचन सुरू केले. कागदावरील मजूर व प्रत्यक्षातील मजूर यांतील तफावत लोकांसमोर आली. महाराष्ट्रात याच मागणीला ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने बळ दिले. राज्याचा सन २००० चा कायदा अपुरा ठरल्याने सन २००२ मध्ये त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. हजारे यांचे मुंबईतील आझाद मैदानावर उपोषण सुरू असताना, ऑगस्ट २००३ मध्ये त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णतः लागू झाला आणि राज्याचा कायदा निरसित झाला.

केंद्रीय कायद्यानुसार ३० दिवसांत, तर जीवित वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत देणे बंधनकारक आहे. कसूर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कलम ४ नुसार माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन हा या कायद्याचा गाभा होय. येथे सूत्रातील उत्तरदायित्व वाढले.

आरोपांची चौकशी

सन २००३ च्या आंदोलनात राज्यातील चार मंत्र्यांवर आरोप झाले. त्यांच्या चौकशीसाठी शासनाने न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला. त्याचा अहवाल सन २००५ मध्ये सादर झाला. आयोगाने आरोप करणाऱ्या पक्षाशी संबंधित संस्थांच्या कारभाराचीही तपासणी केली, हे विशेष होय. जाहीर आरोप व सिद्ध दोष यांत अंतर असते. पुराव्याची शिस्त दोन्ही बाजूंना लागू झाली, तरच जनचर्चेची विश्वासार्हता टिकते.

बदल्या आणि दप्तरदिरंगाई

बदल्यांमधील मनमानी व फायली अडवून ठेवण्याची प्रवृत्ती यांवर उपाय म्हणून राज्याने बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम, २००५ संमत केला. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाल, बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात, आणि कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित न ठेवणे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. येथे स्वेच्छाधिकार आक्रसला. मात्र लेखी कारणे नोंदवून अपवाद करण्याची मुभा कायद्यातच आहे. अपवाद हाच नियम होऊ लागल्यास स्वेच्छाधिकार मागील दाराने परत येतो.

सेवेचा हक्क

कालबद्ध सेवेची हमी देणारा कायदा मध्य प्रदेशने सन २०१० मध्ये, तर छत्तीसगडने सन २०११ मध्ये केला. त्यामुळे दुर्ग-भिलाई परिसरातील नागरिकालाही अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मागता येते. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. दोन अपिले, त्यानंतर आयोग आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड अशी त्याची रचना आहे. ऑनलाइन अर्जामुळे कार्यालयाचा एकाधिकारही काही अंशी सैल होतो.

उणिवा व आव्हाने

कायदा झाला म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. माहिती मागणाऱ्याला किती मोठी किंमत मोजावी लागू शकते, हे त्यातून दिसले. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सन २०१४ मध्ये संमत झाला, परंतु त्यानंतर अनेक वर्षे तो अमलातच आला नाही. लोकपालाची शिफारस सन १९६६ ची, पहिले विधेयक सन १९६८ चे. देशव्यापी आंदोलन सन २०११ मध्ये झाले आणि पहिले लोकपाल सन २०१९ मध्ये नियुक्त झाले. सन २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही दोषी ठरतो; मात्र बळजबरीने लाच द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास संरक्षण आहे. सन २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची व्याप्ती वाढवली. गोपनीयता व पारदर्शकता यांचा समतोल हा त्यामुळे नव्या चर्चेचा विषय ठरला.

समारोप

उपोषणे संपतात, मैदाने रिकामी होतात. मागे उरतात ती कलमे, मुदती आणि अपिलाचे अधिकार. जनचर्चेचे यश घोषणांच्या तीव्रतेवरून मोजता येत नाही. तिच्यातून कोणती कार्यपद्धती बदलली आणि ती वापरणारा नागरिक किती निर्भय झाला, यावरूनच ते मोजावे लागते. उद्या प्रशासनात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे कायदे परीक्षेपुरते पाठ न करता, टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या अर्जदाराच्या दृष्टीने अभ्यासणे अगत्याचे आहे.

सरावासाठी प्रश्न

१. ‘एकाधिकार, स्वेच्छाधिकार व उत्तरदायित्व’ या सूत्राच्या आधारे महाराष्ट्रातील भ्रष्टाचारविरोधी कायद्यांचे मूल्यमापन करा.

२. माहितीचा अधिकार व सेवेचा हक्क हे परस्परपूरक कसे आहेत, ते सोदाहरण स्पष्ट करा.