तिसऱ्या दिवसाचा मेसेज

परवा पुसेगावातला बावीस वर्षांचा एक मुलगा तपासायला आला. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, अशी तक्रार. मी म्हटलं, "तीन बोटं उभी धर आणि तोंडात घाल." दोनच गेली, तीही दातांना घासत.

"काय खातोस?"

"काही नाही सर, पुडी तेवढी."

दिवसाला सात-आठ पुड्या म्हणजे आपल्याकडे 'काही नाही'! दोनदा सोडली होती, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा धरली. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या घेऊन तळहातावर एकत्र केल्या की बंदीचं काय उरतं?

तिसऱ्या दिवशीच का मोडतं, ते समजून घ्या. निकोटीन बंद झालं की चिडचिड, झोपमोड, बेचैनी पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. तीन-चार आठवड्यांत ओसरते. प्रत्येक तलफ मात्र थोड्याच मिनिटांची. नेमका तेव्हाच पारावर कुणीतरी तंबाखू मळून प्रेमाने हात पुढे करतो. नको म्हटलं तर माणूस तुटल्यासारखं वाटतं. अशा वेळी डॉक्टर जवळ नसतो, खिशातला मोबाइल असतो.

अमेरिकेत वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्या १८ ते २४ वयाच्या अडीच हजारांवर तरुणांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. धीर देणारे मेसेज मिळालेल्यांपैकी सात महिन्यांनी शंभरात साधारण २४ जण वेपपासून दूर होते; न मिळालेल्यांत १९च्या आत. फरक लहान दिसतो, पण खर्च पाहिला तर मोठा. स्पॅनिश बोलणाऱ्यांना सिगारेट सोडायला त्यांच्याच भाषेत मेसेज पाठवण्याचे प्रयोगही तिथे झाले. घरच्या भाषेतलं बोलणं लवकर पटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ साली मेसेजची अशीच मोफत सेवा सुरू केली. शिवाय १८००-११-२३५६ हा मोफत सल्ल्याचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. पुडी फाडण्याआधी तो वाचा.

सोबत घरचा उपायही करा. सोडायची तारीख ठरवा. बहीण, मित्र, बायको, ज्याचं तुम्ही ऐकता अशा एकाला रोज तीन मेसेज पाठवायला सांगा: सकाळी चहानंतर, जेवणानंतर आणि संध्याकाळी टपरीच्या वेळेला. उपदेश नको, काम सांगा: "जेवलास? चूळ भर, बडीशेप खा." "पारावर असशील तर शेतापर्यंत चक्कर मार." सुपारी मात्र नको, तोंड आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळेच. चुकून पुडी खाल्लीच तर लपवू नका. उरलेली फेका, मेसेज करा, त्याच दिवसापासून पुढे चला.

"पुडीऐवजी वेप ओढ," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक वेपमध्ये निकोटीनच असतं आणि २०१९पासून देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. तलफ फारच असेल तर निकोटीनचा गम किंवा पट्टी मिळते. तोंड कमी उघडत असेल तर गम चघळणं जड जातं, पट्टी बरी. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटं न जाणं, यातलं काही दिसलं तर हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात दाखवा. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड, पण पुडी सुटली तर पुढची हानी टळू शकते. कर्करोगाचा धोकाही कमी होतो.

बहिणीने त्याला पाठवायचा मेसेज मी त्या मुलालाच लिहायला सांगितला. बराच वेळ विचार करून त्याने एकच ओळ लिहिली: "दादा, आज तिसरा दिवस आहे. टपरीवर जाऊ नको, घरी ये."