हृद्रुग्णाचे मन

हृदयविकाराचा झटका येऊन अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या पलंगाशी एक तक्ता असतो. नाडीचे ठोके, रक्तदाब, श्वसनाची गती, लघवीचे प्रमाण, दिलेली औषधे या साऱ्यांची त्यावर ठरावीक अंतराने नोंद होते. रुग्णाला भीती वाटते आहे काय, त्याला झोप का लागत नाही, जगण्याची उमेद टिकून आहे काय, हे लिहिण्यासाठी मात्र त्या तक्त्यावर बहुधा रकाना नसतो. हृद्रुग्णाची चिंता आणि नैराश्य यांची दखल घेणे हा उपचारांचाच एक भाग का मानला पाहिजे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

हृदय आणि भावना

मनाचा हृदयावर परिणाम होतो, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. रक्ताभिसरणाविषयीचा आपला ग्रंथ विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केला, त्यातही सुखदुःख, आशा व भय यांचा प्रभाव हृदयापर्यंत पोहोचतो, असे त्याने नमूद केले आहे. अठराव्या शतकातील प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर याला हृदयशूळाचा विकार होता. राग आला की छातीत कळ उठते, हे तो अनुभवाने जाणून होता. आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती आपला जीव आहे, असे तो म्हणत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील एका बैठकीत वादावादी झाली आणि त्यानंतर लगेच त्याला मृत्यू आला.

यामागील शारीरिक क्रिया आज आपणांस बरीचशी समजली आहे. भय वा क्रोध यांच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या स्नायूला अधिक प्राणवायूची गरज भासते. निरोगी हृदय ही गरज सहज भागविते. ज्याच्या हृदयरोहिणी अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयाला मात्र हा जादा भार जड जातो.

पहिले पाच दिवस

हृद्रुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात थॉमस हॅकेट, नेड कॅसम आणि त्यांचे सहकारी यांनी अशा विभागातील ५० रुग्णांची मानसिक पाहणी करून १९६८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्ण चिंताग्रस्त होते व निम्म्याहून अधिक रुग्णांत नैराश्याची लक्षणे होती. हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या यंत्राची रुग्णांना धास्ती वाटेल, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकांना त्या यंत्राचा आधारच वाटला. कोणीतरी आपल्यावर अखंड लक्ष ठेवून आहे, याची ती खूण होती.

पुढे १९७१ साली याच संशोधकांनी या भावनांचा साधारण क्रम मांडला. पहिल्या दोन दिवसांत चिंता सर्वाधिक असते. मृत्यूचे भय, पुन्हा कळ येईल ही धास्ती आणि घरच्यांची काळजी यांनी मन व्यापलेले असते. दुखणे थांबले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला आपल्याला विशेष काही झालेच नाही, असे वाटू लागते. तो घरी जाण्याचा हट्ट धरतो. क्वचित डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघूनही जातो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या सुमारास झालेल्या हानीची जाणीव होते आणि नैराश्य डोके वर काढते. आपण आता निकामी झालो, कुटुंबावर ओझे झालो, नोकरी गेली, असे विचार मनात घोळू लागतात.

या क्रमाचा एक अर्थ आज विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळी असा रुग्ण दोन-तीन आठवडे रुग्णालयात राहत असे; त्यामुळे त्याचे नैराश्य डॉक्टर व परिचारिका यांच्या डोळ्यांसमोर प्रकट होई. आता गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला अँजिओप्लास्टीनंतर काही दिवसांतच घरी पाठवितात. म्हणजे नैराश्य दिसू लागते तेव्हा त्याच्याजवळ ना यंत्र असते, ना परिचारिका. ते ओळखण्याचे काम नकळत घरच्या माणसांवर येऊन पडते.

ओळखावे कसे?

येथे एक अडचण आहे. थकवा, भूक मंदावणे, झोपमोड ही नैराश्याची लक्षणे होत. परंतु हृदयविकारामुळे, औषधांमुळे किंवा रुग्णालयातील गडबडीमुळेही ती उद्भवतात. उलटपक्षी, धडधड व गुदमरल्यासारखे वाटणे ही चिंतेची लक्षणे असली, तरी ती हृदयविकाराचीही असू शकतात. म्हणून छातीत नव्याने दुखू लागल्यास हा मनाचा खेळ आहे, असे घरच्या घरी ठरवू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

ही अडचण ध्यानी घेऊन झिग्मंड आणि स्नेथ या मानसचिकित्सकांनी १९८३ साली रुग्णालयातील रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चिंतेविषयी ७ व नैराश्याविषयी ७ असे १४ प्रश्न आहेत. केवळ शारीरिक अशी लक्षणे तिच्यातून हेतुपुरस्सर वगळली आहेत. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. एका विभागात ८ ते १० गुण मिळाल्यास शंका घ्यावी आणि ११ वा अधिक मिळाल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करवावी, असा संकेत आहे. पूर्वी आनंद देणाऱ्या गोष्टींत आता रस वाटतो काय, हा तिच्यातील मुख्य रोख होय. नातवंडे जवळ आली तरी चेहरा न फुलणे, वर्तमानपत्र उघडूनही न पाहणे, ही चिन्हे थकव्यापेक्षा अधिक बोलकी असतात.

नेमका धोका कोणता?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला तीव्र स्वरूपाचे नैराश्य येते. मॉन्ट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २२२ रुग्णांचा सहा महिने मागोवा घेतला. हृदयाच्या हानीचे प्रमाण लक्षात घेऊनही, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी अधिक आढळला. हे संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा विचार करून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली नैराश्याची गणना अशा रुग्णांच्या बाबतीत धोक्याच्या कारणांत करावी, अशी शिफारस केली.

असे का घडते? नैराश्यात रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात आणि हृदयाच्या गतीवरील चेतासंस्थेचे नियंत्रण बिघडते, असे दिसून आले आहे. पण एक कारण याहून साधे आहे. खचलेला माणूस वेळेवर औषध घेत नाही, फिरावयास जात नाही आणि सोडलेली विडी किंवा तंबाखू पुन्हा जवळ करतो. जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर पथ्य पाळावे कशासाठी?

उपाय

नैराश्यावर उपचार आहेत. मानसचिकित्सकाशी पद्धतशीर संवाद व आवश्यक तेथे औषधे, हे त्यांतील प्रमुख होत. सर्ट्रालीन हे औषध हृद्रुग्णांना सुरक्षितपणे देता येते, असे २००२ सालच्या एका अभ्यासात आढळले. नैराश्यावरील काही जुनी औषधे मात्र हृदयाला अपायकारक ठरू शकतात. म्हणून अशी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अमेरिकेत सुमारे २,५०० रुग्णांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानसोपचारांनी नैराश्य कमी झाले, पण मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि दुःख हलके होणे, हे स्वतःच उपचारांचे पुरेसे प्रयोजन आहे.

नियमित व्यायाम आणि मार्गदर्शन यांचाही उपयोग होतो. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगाधिष्ठित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू वा नवे झटके यांत निश्चित फरक दिसला नाही, परंतु योगाभ्यास करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात वळले.

आपल्या देशात रुग्णाजवळ बहुधा घरचे कोणीतरी असते. हे मोठे बळ आहे. पण प्रेमापोटी दोन चुका होतात. ‘काही झालेले नाही, काळजी करू नका,’ असे म्हणून रुग्णाचे बोलणे तोडले जाते. आणि घरी आल्यावर त्याला पाण्याचा पेलाही उचलू दिला जात नाही. पहिल्या चुकीने त्याची भीती मनातच राहते, तर दुसरीने आपण निरुपयोगी झालो, ही त्याची समजूत पक्की होते. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. कोणते श्रम केव्हापासून करावेत, जिना केव्हा चढावा, कामावर केव्हा जावे, वैवाहिक संबंध केव्हा सुरू करावेत, हे घरी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे आणि त्याप्रमाणे रुग्णाला आपली कामे क्रमाक्रमाने परत सोपवावीत.

उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर पुढील तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना तसे सांगावे. मरणाची इच्छा बोलून दाखविणाऱ्या रुग्णाला एकटे सोडू नये व तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. कुरकुर न करणारा, काही न मागणारा रुग्ण वॉर्डात सर्वांना आवडतो. परंतु त्याचे मौन समाधानाचे आहे की खचलेल्या मनाचे, हे त्याला विचारल्यावाचून कळत नाही.