लेकीचे नाव आणि लांबलचक आडनाव



तासगावच्या एखाद्या घरात मुलगी जन्माला येते. कानात अजान दिली जाते, नातेवाइकांना खजूर-साखर वाटली जाते आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर चर्चा सुरू होते. आजी म्हणते, नाव सहाबियांपैकी असावे. आत्या मोबाईलवर नव्या नावांची यादी दाखविते. बाळाचे वडील मात्र वेगळ्याच काळजीत असतात : "आपले आडनाव शिकलगार. त्यापुढे लांब नाव ठेवले तर पोरीला लिहिता-लिहिता हात दुखेल!"

ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या सातारा-सांगली भागात मुस्लिम घराण्यांची आडनावे बहुधा व्यवसायावरून किंवा पूर्वीच्या वतनावरून आलेली आहेत. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, रेशमाचे गोंडे गुंफणारे पटवेगार, कापूस पिंजणारे पिंजारी, सुगंधी द्रव्ये विकणारे अत्तार, पानांचा व्यापार करणारे तांबोळी, बागाईत करणारे बागवान. शिवाय नायकवडी, मुजावर, इनामदार, जमादार. या नावांत कष्टाचा इतिहास आहे. त्यांची लाज बाळगू नका आणि त्यांचा गर्वही करू नका. दिव्य कुरआनने स्पष्ट केले आहे की, वंश आणि कबिले हे परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत; अल्लाहजवळ प्रतिष्ठा मात्र ईशभीरुतेला आहे (४९:१३). आडनाव ओळखीसाठी आहे, एवढे ध्यानी ठेवले की पुढचा विचार सोपा होतो.

नाव हा मुलीचा हक्क आहे

चांगले नाव मिळणे हा अपत्याचा आई-वडिलांवर असलेला हक्क आहे. जन्मल्यावर सातव्या दिवशी अकीका करावा, केस उतरवावेत आणि नाव ठेवावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आदरणीय पैगंबर (स.) यांनी आपले पुत्र इब्राहीम यांचे नाव जन्माच्या रात्रीच ठेवले होते, हेही हदीसवरून कळते. म्हणून घाई वा उशीर यावरून घरात वाद घालू नये.

नाव कोणी ठेवावे? पुष्कळ घरांत हा मान केवळ वडीलधाऱ्या पुरुषांचा समजला जातो. परंतु कुरआनमध्ये इमरान यांच्या पत्नीचा प्रसंग पाहा. मुलगा होईल या अपेक्षेने त्यांनी नवस केला होता; जन्मली मुलगी. तेव्हा त्या मातेनेच आपल्या पालनकर्त्यासमोर तिचे नाव मरियम ठेवल्याचे सांगितले आणि तिला व तिच्या संततीला सैतानापासून अल्लाहच्या आश्रयात दिले (३:३६). कुरआनमध्ये नावानिशी उल्लेखिलेली एकमेव स्त्री म्हणजे आदरणीय मरियम (अ.), आणि ते नाव आईने ठेवलेले आहे. तेव्हा बाळंतिणीला विचारल्यावाचून नाव ठरवू नका.

नकोशी

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मुलीची बातमी ऐकताच चेहरा काळवंडणाऱ्या आणि लोकांपासून तोंड लपविणाऱ्या बापाचे चित्र कुरआनने रेखाटले आहे (१६:५८-५९). ते चौदा शतकांपूर्वीच्या अरबस्तानापुरते नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एक सरकारी समारंभ झाला. 'नकुशी' किंवा 'नकोशी' असे नाव घेऊन वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना त्या दिवशी नवी नावे आणि त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. शाळेत हजेरी घेताना रोज "नकोशी" अशी हाक ऐकणाऱ्या लेकराच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना करा.

आपल्या समाजात असे नाव आढळत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तिसरी मुलगी झाल्यावर "ठेवा काहीतरी" असे म्हणून टाकलेले नाव, मग त्याचा अर्थ कितीही सुंदर असो, नकोशीच्याच जातकुळीचे आहे. मुलीसाठी नाव शोधताना तुम्ही किती मन लावता, हीच तिच्या स्वागताची पहिली खूण असते.

आधी अर्थ, मग नाद

आदरणीय पैगंबर (स.) वाईट अर्थाची नावे बदलत असत. आदरणीय उमर (र.) यांच्या एका मुलीचे नाव 'आसिया', म्हणजे अवज्ञा करणारी, असे होते, पैगंबरांनी (स.) ते बदलून 'जमीला' ठेवले. आदरणीय झैनब बिंत जहश (र.) यांचे आधीचे नाव 'बर्रा', म्हणजे पुण्यशील, होते. त्यात स्वतःच्या पावित्र्याची ग्वाही होती, म्हणून तेही बदलले गेले. अर्थात नाव वाईट नसावे, तसेच ते आत्मस्तुतीचेही नसावे.

येथे मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी विशेष जपावे. फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे नावही आपण 'आसिया' असेच लिहितो. अरबीत ते अलिफ आणि सीनने लिहितात. बदललेले नाव ऐन आणि सादने. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात, अर्थ मात्र जमीन-अस्मानाइतके भिन्न. म्हणून नाव निश्चित करण्यापूर्वी जाणत्या आलिमाकडून त्याची अरबी अक्षरे लिहून घ्या. केवळ कुरआनमध्ये शब्द आला म्हणून तो नाव होण्यास योग्य ठरत नाही.

अर्थ पारखून झाला की मग आडनावाकडे वळा. आडनाव पाच अक्षरांचे असेल, जसे शिकलगार, नायकवडी, पटवेगार, तर दोन-तीन अक्षरांचे नाव शोभते : सारा, अस्मा, हफ्सा, सफिया, हलिमा. आडनाव मुल्ला किंवा शेख असे आटोपशीर असेल तर जुवैरिया, उम्मे कुलसूम अशी नावे खुलून दिसतात. नावाचा शेवट आणि आडनावाचा आरंभ एकमेकांत अडकू देऊ नका. 'सबा बागवान' म्हणताना मध्येच 'बाबा' ऐकू येते आणि वर्गातल्या मुलांना चिडवायला निमित्त मिळते. 'गुलनार शिकलगार' यात यमक जुळते, पण ती हाक गमतीची वाटते. कुरआनने टोपणनावांनी हिणविण्यास मनाई केली आहे (४९:११). त्याला वाव मिळणार नाही असे नाव निवडणे हे पालकांचे काम. नाव ठरविण्यापूर्वी ते आडनावासह दहा वेळा मोठ्याने उच्चारून पाहा, अंगणातून हाक मारल्यासारखे.

मात्र क्रम उलटा करू नका. आडनावाला शोभावे म्हणून निरर्थक नाव घेणे म्हणजे चपलेच्या मापाने पाय कापणे होय. आवडलेले सार्थ नाव लांब असेल तर ते ठेवा आणि घरात प्रेमाने आखूड करा. आदरणीय पैगंबर (स.) आपल्या पत्नी आयेशा (र.) यांना 'आइश' अशी हाक मारत, हे हदीसमध्ये आलेले आहे. एवढे पथ्य पाळा की, 'अमतुर्रहमान' हे नाव तोडून मुलीला 'रहमान' म्हणू नये. ते अल्लाहचे नाव आहे.

कागदावरचे नाव

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. म्हणजे तीनपदरी नाव आता चारपदरी झाले. आईचे नाव येणे आनंदाचेच आहे. परंतु चार पदांत मुलीच्या हाती केवळ पहिले पद मोकळे असते. त्याची लांबी ठरविताना उरलेल्या तिन्हींचा विचार करा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत व्हावी लागते. नाव ठरले नसेल तर नावाविना नोंद होते आणि एका वर्षाच्या आत ते विनाशुल्क भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. आपल्याकडे एकच मुलगी एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातेमा आणि तिसऱ्यावर फातमा असते. पुढे प्रवेशाच्या किंवा पारपत्राच्या वेळी तिलाच हेलपाटे घालावे लागतात. म्हणून देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांतील एकेकच रूप ठरवून घरात लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्जावर तेच लिहा.

ज्याचे ओझे नाही ते ओझे

बाळ आजारी पडले की "नाव भारी पडले" असे म्हणून ते बदलण्याची किंवा राशीवरून आद्याक्षर काढण्याची चाल काही घरांत आहे. या समजुतींना शरिअतचा आधार नाही. रोगाला औषध आणि दुआ हवी.

आणि एक शेवटची गोष्ट. ज्या आडनावासाठी एवढा खटाटोप, ते विवाहानंतर मुलीने बदलावे असे शरिअतने बंधन घातलेले नाही. आदरणीय आयेशा (र.) विवाहानंतरही 'बिंत अबू बक्र' म्हणूनच ओळखल्या गेल्या. पुढे तुमची लेक कोणत्याही घरी जावो, कोणतेही आडनाव लावो, तिचे पहिले नाव तिच्याबरोबर अखेरपर्यंत जाईल. हफ्सा (र.) यांच्याजवळ कुरआनची संकलित प्रत सुरक्षित राहिली, अस्मा (र.) यांनी हिजरतच्या प्रवासासाठी शिदोरी बांधून दिली, त्यांची नावे मुलींना देताना त्यांच्या कथाही द्या. नाव ठेवणे एका दिवसाचे काम आहे. त्या नावाचा अर्थ मुलीच्या जीवनात उतरावा म्हणून मात्र आई-वडिलांना कित्येक वर्षे झटावे लागते. अल्लाह आपणा सर्वांना त्याचे सामर्थ्य देवो. आमीन.