चाकांवरचें घर व तहानेचा मुलूख

‘कारवान’ हा फारसी शब्द. वाळवंटांतून एकमेकांच्या सोबतीनें चालणारा वाटसरूंचा काफिला, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडील लमाणांचा तांडा डोळ्यांपुढें आणिला म्हणजे तो सहज ध्यानांत येतो. हाच शब्द इंग्रजींत गेला व पुढें ऑस्ट्रेलियांत पोहोंचला, तेव्हां त्याचा अर्थ पालटला. तेथें ‘कॅरॅव्हॅन’ म्हणजे मोटारीमागें जोडून ओढावयाचें लहानसें घर. निजावयास बिछाने, स्वयंपाकास चूल, पाण्याची टांकी, सर्व त्यांत. असें घर मागें जोडून पुष्कळ आईबाप लहान मुलांसह खंडाच्या ओसाड अंतर्भागांत प्रवासास निघतात. त्या भागास ‘आउटबॅक’ म्हणतात. आज आपण नकाशावर बोट ठेवून असा एक प्रवास करूं. आणि शब्दाचा अर्थ पालटला तरी त्यांतील ‘सोबत’ उरली आहे कीं नाहीं, हें पाहूं.

आईबाप आणि सहा व नऊ वर्षांचीं दोन मुलें, असें एक कुटुंब कल्पूं. दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टापासून उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत स्टुअर्ट महामार्गानें त्यांस जावयाचें आहे. लांबी सुमारें २,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळजवळ दुप्पट. जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट ह्या संशोधकानें १८६२ सालीं दक्षिणेकडून निघून उत्तरेचा समुद्र गांठला. बव्हंशीं त्याच्याच वाटेनें १८७२ सालीं तारायंत्राची तार पुरी झाली, व कालांतरानें रस्ता झाला. १९८७ सालापासून तो सर्व डांबरी आहे. परंतु अंतरें पाहा: पोर्ट ऑगस्टाहून कूबर पेडी सुमारें ५४० किलोमीटर, व तेथून ॲलिस स्प्रिंग्ज सुमारें ६९०. मध्यें कोठें एखादा पेट्रोलपंप व त्याला लागून खाणावळ, एवढाच मनुष्यवस्तीचा आधार. वस्ती मागें पडली कीं भ्रमणध्वनि मुका होतो.

प्रवासाचा काळ मे ते सप्टेंबर हा उत्तम. आपल्याकडे पावसाळा, तेव्हां तिकडे हिंवाळा. दिवस सुखाचे असतात. ॲलिस स्प्रिंग्जकडे रात्रीं मात्र कधीं कधीं पाणी गोठतें. डिसेंबर-जानेवारींत उष्णता चाळीस अंशांच्या वर जाते, आणि मोठ्या माणसापेक्षां लहान मुलाचें शरीर फार लवकर तापतें. म्हणून बंद मोटारींत मुलास क्षणभरहि एकटें ठेवूं नये, हा तेथील पहिला नियम. तो आपणांसहि लागू आहे.

दुसरा नियम सामान भरण्याचा. जड वस्तु तळाशीं व चाकांच्या आंसाजवळ ठेवाव्या. मागील टोंकास भार अधिक झाला, तर वेगांत कॅरॅव्हॅन शेंपटीसारखी डोलूं लागते व मोटारीसहि फरफटत नेते. तिसरा नियम वेळेचा. पहांटे व तिन्हीसांजा कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. तीन तीन डबे ओढणाऱ्या मालमोटारी पन्नास मीटरांहून अधिक लांब असतात. त्यांस ओलांडून जाण्याची घाई करूं नये.

आतां मुलांकडे वळूं. कूबर पेडी येथें १९१५ सालीं एका चौदा वर्षांच्या मुलास ओपल नांवाचें रत्न सांपडलें, आणि त्यांतून गांव उभें राहिलें. पुष्कळ लोक टेकड्यांच्या पोटांत कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर केवढेंहि ऊन असो, आंत गारवा असतो. पुढें महामार्ग सोडून पश्चिमेस सुमारें अडीचशे किलोमीटर गेलें, म्हणजे उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा एकसंध खडक दिसतो. तो आनंगू लोकांस पवित्र आहे. १९८५ सालीं ती भूमि त्यांस परत देण्यांत आली, व २०१९ सालापासून खडकावर चढणें बंद झालें. आपलें कुटुंब पायथ्याच्या वाटेनें फिरून येतें. कांहीं गोष्टी पायाखालीं घालावयाच्या नसतात, हें मुलांस तेथें न सांगतां समजतें.

परंतु हा मुलूख निष्काळजीपणास क्षमा करीत नाहीं. १९६३ सालच्या डिसेंबरांत बर्ड्सव्हिलच्या कच्च्या वाटेवर पांच जणांचें एक कुटुंब अडकलें. तीं माणसें मोटार सोडून पायीं निघालीं, आणि सर्वच्या सर्व दगावलीं. म्हणून आज प्रत्येक प्रवाशास बजावून सांगतात: गाडी सोडूं नका. तिची सावली मिळते, पाण्याचा सांठा तेथेंच असतो, आणि विमानांतून चालत्या माणसापेक्षां उभी गाडी लवकर दिसते. निघण्यापूर्वीं कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां पोहोंचणार, हें कोणास तरी सांगून ठेवावें; नेमल्या वेळीं निरोप न आला, तर तो मनुष्य शोध सुरू करवितो. संकटसमयीं उपग्रहाकडे खूण धाडणारें लहान यंत्रहि जवळ बाळगितात.

ह्याहून जुनी एक गोष्ट आहे, व तिचा धागा आपल्या इलाख्यापर्यंत येतो. १८६० सालीं चोवीस उंट कराचीहून जहाजानें मेलबर्नला गेले. कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांत होती. ते बर्क व विल्स ह्यांच्या संशोधनप्रवासासाठीं नेले होते. उंट होते, सामान विपुल होतें. तरी १८६१ सालीं कूपर ओढ्याच्या कांठीं ते दोघेहि मरण पावले. त्याच कांठीं यांद्रुवांधा लोक पिढ्यान् पिढ्या सुखानें नांदत होते! नारडू नांवाची वनस्पति ते विशिष्ट रीतीनें तयार करून खात. ती रीत नीट न पाळल्यामुळें पाहुण्यांचें पोट भरे, पण शरीर खंगत जाई, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तिसरा सोबती किंग मात्र त्या लोकांच्या आश्रयास राहिला, व तोच तेवढा वांचला. जाणत्याचा शेजार असून शिकण्याची बुद्धि न होणें, ह्यासारखें दारिद्र्य नाहीं.

पुढें आलेल्या उंटवाल्यांनीं अनेक वर्षें अंतर्भागांत अन्न व टपाल पोहोंचविली. ‘अफगाण’ हें त्यांचें सरसकट नांव पडलें, म्हणून तेथील आगगाडीस आजहि ‘घॅन’ म्हणतात. मग जॉन फ्लिन नामक पाद्र्यानें १९२८ सालीं विमानानें वैद्य पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. आल्फ्रेड ट्रेगर ह्यानें पायानें फिरवावयाच्या यंत्रावर चालणारा रेडिओ बनविला. त्यामुळें एकाकी मळ्यावरील माता वैद्यास हांक मारूं लागली. १९५१ सालीं ॲलिस स्प्रिंग्जला त्याच रेडिओवर शाळा भरूं लागली. ती आज संगणकावर चालते. आपलीं दोन मुलें ती शाळा पाहतात, आणि ज्यांचा वर्गमित्र शेंकडों कोसांवर आहे अशींहि मुलें एकत्र शिकतात, हें ऐकून थक्क होतात.

तेव्हां आपल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. त्या ओसाड रस्त्यावर एक मोटार व एक चाकांचें घर एकटेंच दिसतें; पण त्याबरोबर वाट काढणारा स्टुअर्ट, उंटवाले, नारडूची रीत जाणणारे लोक, उडतें वैद्यकीय विमान, आणि घरीं घड्याळाकडे पाहात बसलेला एखादा स्नेही, असा मोठा काफिला चालत असतो. आम्हीं स्वावलंबनाचा धडा वर्गांत नेहमींच देतों. त्याला आज इतकी पुस्ती जोडतों: आपलें पाणी आपण वाहावें, पण आपली वाट दुसऱ्यास सांगून निघावें. पुढील सहलीस जातांना पाण्याची सुरई भरण्याआधीं घरीं आईस परतण्याची वेळ सांगा. हा धडा तुम्हांस समजला, असें आम्ही मानूं.