त्याला करू दे

अगं, ऑटिझम असलेल्या तुझ्या लेकाला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शाळा संपली, म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय, ते दिसतंय मला. सकाळ उजाडली की दिवसभर याला कशात गुंतवायचं, हाच घोर. त्यात मिस्टरांचा मुंबईहून फोन, ‘इकडेच घेऊन ये, इथे सगळ्या सोयी आहेत.’ जायचं की नाही ते नंतर ठरव. आधी इथे, केळशीत, काय करता येईल ते बघू.

गावात त्याला सगळे ओळखतात. हे मोठं बळ आहे, शहरात ते विकत मिळत नाही. पण माया अशी की त्याच्या हातून काही घडूच देत नाहीत. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच दुधाची पिशवी त्याच्या हातात. मग त्याने तोंड उघडावं कशाला? उद्या दुकानदाराला सांग, ‘दादा, तो मागेपर्यंत थांबा. वेळ लागला तरी चालेल.’ बोलता नाही आलं तर चिठ्ठी दाखवेल, मोबाइलमधला फोटो दाखवेल. मागणं महत्त्वाचं. घरातही तेच. त्याच्या शर्टाची बटणं तू लावतेस ना अजून? वीस मिनिटं लागू देत, पण त्याची त्याला लावू दे. सांभाळायला आपण जन्मभर पुरणार नाही गं, म्हणून आत्ताच मागे सरायला शिकायचं.

शिकवायचं कसं, ते सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये एरिक शॉप्लर यांनी १९७२ साली ‘टीच’ नावाचा कार्यक्रम राज्यभर सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ऑटिझम असलेल्या माणसाला कानावर पडलेल्या सूचनेपेक्षा डोळ्यांना दिसलेली सूचना पटकन समजते. म्हणून समोरच्या मांडणीतूनच चार गोष्टी त्याला कळायला हव्यात: काम कोणतं, किती करायचं, संपलं हे कसं ओळखायचं आणि त्यानंतर काय.

आता हेच आपल्या आमसुलांना लाव. रतांबे धुवायचे, चिरायचे, गर-बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायच्या. सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. तेच तेच करायचा तुला-मला कंटाळा येईल, त्याला त्यातच बरं वाटेल. प्रत्येक पायरीचा फोटो काढ आणि पडवीच्या भिंतीवर ओळीने चिकटव. डावीकडे रतांब्यांची टोपली, उजवीकडे रिकामं पातेलं. डावी टोपली रिकामी झाली की काम संपलं, हे त्याचं त्याला दिसेल. शेवटच्या फोटोत त्याचा चहाचा कप ठेव. चार दिवस शेजारी बस, मग हळूहळू लांब सरक. मे सरला की सुपारी सोलणं आहे, नारळ मोजून रचणं आहे. आणि केलेल्या कामाचे पैसे त्याच्याच हातात पडू देत. त्यातून आवडीचं काहीतरी त्याने स्वतः विकत घ्यावं.

एक गोष्ट मात्र कडक पाळ. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते, आणि आपल्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. त्याला पोहायला शिकव, पण एकट्याने पाण्यात जायचं नाही हा नियम चित्र काढून लाव. किनाऱ्यावरच्या माणसांना त्याची ओळख करून दे. आपल्या अंगाला कोणी कुठे हात लावायचा नाही, आपणही दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांग. लाजू नकोस. तो आता पुरुष झालाय.

आणि मित्र? त्याला माणसं नकोत असं समजू नकोस, त्याला गोंगाट नको असतो. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला गर्दी व्हायच्या आधी सकाळीच ने. बसगाड्यांचं त्याला वेड आहे ना, मग तेच वेड असलेला एखादा मुलगा गावात शोध. आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेली वेळ, दोघं एसटी थांब्यावर बसतील. गप्पा झाल्या नाहीत तरी चालेल.

आता कागद. यात आळस नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं वेगळं नाव आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र आधी करून घे, पुढचं बहुतेक सगळं त्यावर अडतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. त्याच न्यासाच्या १९९९ च्या कायद्याने अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. पण आधी विचार कर, त्याची गरज आहे का? ज्या गोष्टी तो समजून ठरवू शकतो, त्या त्यालाच ठरवू द्याव्यात.

संस्था मुळीच नकोत असं मी म्हणत नाही. रत्नागिरीला आविष्कार संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा आहे. शाळेचं वय उलटलेली, बौद्धिक अक्षमता असलेली मुलं तिथे कामं शिकतात. पुण्यात खास ऑटिझमसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. बदलापूरचं ‘आधार’ म्हणजे मोठ्या झालेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी त्यांच्या पालकांनीच उभं केलेलं निवासी घर. मिस्टर रजेवर आले की तिघं मिळून बघून या. गेलीस की भिंतींचा रंग बघू नकोस. तिथल्या मुलांच्या हातात काय काम आहे, आपला दिवस ती किती स्वतः ठरवतात, रात्री आजारी पडलं तर कोण धावतं, ते विचार. लेकाला तिथे काय वाटतं तेही बघ. कधी ना कधी त्याला घराबाहेर राहावं लागेलच. तेव्हा ज्याला स्वतःचं ताट वाढून घेता येतं, हवं-नको सांगता येतं, तो कुठेही गेला तरी निभावेल.

आणि त्याच्या धाकट्या बहिणीवर आत्ताच ‘पुढे तूच बघायचंस’ असं ओझं टाकू नकोस. तिला काय झेपेल ते तिलाच विचार.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या आठवड्यात फक्त दुकानाचं. पुढच्या आठवड्यात दापोलीला प्रमाणपत्राची चौकशी करायला जाऊ, मी येते बरोबर. एसटीत तिकीट मात्र त्याला काढू दे.