मानेला नको, कर्व्हला शिकव

मनू, तुझा मेसेज वाचला. "ताई, ट्रॅकआयआर घेऊनच टाकू का? सगळे म्हणतात, त्याशिवाय डॉगफाइट जमतच नाही." सगळे म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. डोक्याची हालचाल सिम्युलेटरला कळायला हवी, हे शंभर टक्के खरं. पण त्यासाठी पहिल्याच दिवशी पाकीट रिकामं करायचं काही कारण नाही. वस्तू कुठलीही घे, मजा येते की वैताग, हे नंतरच्या सेटिंगवर ठरतं. आणि तेच कुणी नीट बसून सांगत नाही. म्हणून आज जरा लांबण लावते, चहा घेऊन बस.

जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने बघणं म्हणजे काय, ते तुला माहीतच आहे. डावीकडे, मागे, वर, प्रत्येक वेळी अंगठ्याचं काम. समोरून आलेलं विमान तुझ्या डाव्या खांद्यावरून सुसाट निघून जातं, तू हॅट दाबत दाबत मागे पोचेपर्यंत ते शेपटीखाली गडप झालेलं असतं. खऱ्या वैमानिकांचं निम्मं काम मानेचंच होतं. गळ्यातला रेशमी स्कार्फ ही त्यांची ऐट वाटते आपल्याला, पण सतत मान वळवून कॉलरने कातडी सोलू नये म्हणून तो असायचा. स्पिटफायरच्या पुढच्या काचेवर आरसा लावलेला असायचा, तोही उगाच नव्हे.

शिवाय नुसती मान वळवून भागत नाही. मेसरश्मिट १०९ मध्ये बसून बघ. काचेच्या चौकटीच्या पट्ट्या एवढ्या जाड की अख्खं विमान त्यामागे लपतं. खरा माणूस काय करेल? डोकं जरासं बाजूला सरकवेल. म्हणून ट्रॅकिंग सहा अक्षांचं हवं: डावी-उजवीकडे वळणं म्हणजे यॉ, वर-खाली म्हणजे पिच, कानाकडे कलणं म्हणजे रोल, आणि डोकं बाजूला, वर-खाली, पुढे-मागे सरकवणं या तीन हालचाली वेगळ्या.

आता वस्तूंचं पटकन आटपते. ट्रॅकआयआर ५ चांगलं आहे, वादच नाही. त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा सेकंदाला १२० चित्रं घेतो आणि हालचाल लोण्यासारखी होते. पण तुझ्याकडे वेबकॅम आहे ना? मग आधी ओपनट्रॅक उतरवून घे, ते फुकट आहे. त्यात 'न्यूरलनेट ट्रॅकर' हा पर्याय निवडलास की नुसत्या चेहऱ्यावरून काम होतं, डोक्यावर काही लावावं लागत नाही. आउटपुटला 'फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड' ठेव आणि गेम सुरू करण्याआधी ट्रॅकिंग सुरू कर. मधली वाट म्हणजे हेडफोनला किंवा टोपीला लावायची तीन इन्फ्रारेड एलईडींची क्लिप. जुना पीएस३ आय कॅमेरा मिळाला तर त्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून लोक तो याच कामाला वापरतात. व्हीआर हेडसेटचा विषय मी आज काढतच नाही. तुझा पीसी आधीच धापा टाकतोय.

वेबकॅमने करणार असशील तर उजेडाकडे लक्ष दे. खोलीत अंधार असला की वेबकॅम स्वतःच एक्स्पोजर वाढवतो आणि सेकंदाला मिळणारी चित्रं कमी होतात. मग तुला वाटतं सॉफ्टवेअर अडखळतंय. दिवा चेहऱ्यावर पडू दे, पाठीमागे नको. रिझोल्यूशन ६४० बाय ४८० पुरतं. इथे चित्राच्या देखणेपणापेक्षा वेग महत्त्वाचा. एलईडी क्लिप असेल तर नेमकं उलटं: मागची उघडी खिडकी, पिवळे बल्ब, आरशाचं स्टीलचं कपाट, यातलं काहीही कॅमेऱ्याला चौथा ठिपका वाटू शकतं. आणि हो, खेळायला बसताना ते लोंबते झुमके काढून ठेव. हसू नकोस, चमकणारी कुठलीही वस्तू कॅमेऱ्याच्या हिशेबात ठिपकाच असते. कॅमेरा मॉनिटरच्या मधोमध, डोळ्यांच्या जरा वर बसव.

आधी मधला बिंदू ठरव. आरामात बस, अगदी अर्ध्या तासानंतर जशी बसलेली असशील तशी, ताठ मानेने फोटोला बसतात तशी नको. समोर बघ आणि 'सेंटर' दाब. हे बटण जॉयस्टिकवर अंगठ्याखाली घे. कीबोर्डवर ठेवलंस तर लढाईच्या मधे शोधत बसशील, शिवाय डीसीएस या सिम्युलेटरमध्ये एफ-१ ते एफ-१२ या कळा कॅमेऱ्याच्या दृश्यांना आधीच दिलेल्या आहेत. चाकाची खुर्ची असेल तर तिला एका जागी अडकव. खुर्ची चार बोटं सरकली की मधला बिंदूही सरकला.

आता खरी गोष्ट. विमानात मागे बघायचं म्हणजे मान जवळजवळ दीडशे अंश वळवायची. तू तशी वळलीस तर समोरच्या मॉनिटरऐवजी तुला भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल. डोळे पडद्यावरच राहिले पाहिजेत, म्हणजे तुझी मान वळणार जेमतेम तीस-पस्तीस अंश आणि गेममधली वळणार दीडशे. हा गुणाकार कुठे किती करायचा, ते कर्व्ह ठरवते. सुरुवातीला जो तो सरळ रेष ठेवतो आणि मग तक्रार करतो की निशाणा थरथरतो. थरथरणारच! सगळीकडे पाचपट वाढवलं तर श्वास घेतलास तरी दृश्य हलणार.

म्हणून कर्व्ह अशी काढ. मॅपिंगच्या खिडकीत यॉची रेष उघड. पहिले तीन-चार अंश जवळजवळ सपाट ठेव, म्हणजे निशाणा लावताना डोकं जरा हललं तरी दृश्य जागचं हलणार नाही. तिथून पंधरा अंशांपर्यंत हळूहळू चढव. एवढ्यात मान वळवली की गेममध्ये पंचवीस-तीस अंश वळलं पाहिजे, म्हणजे कॉकपिटमधली डाव्या-उजव्या बाजूची स्विचं बघायला बरं पडतं. त्यापुढे मात्र रेष खडी चढू दे, पस्तिसाला दीडशेच्या आसपास पोचव. टिचकी मारली की बिंदू येतो, तो ओढून हवा तिथे न्यायचा. तू डोकं हलवलंस की त्याच रेषेवर एक ठिपका पळताना दिसतो. त्या ठिपक्याकडे बघत एकदा सावकाश मान वळव. मान जिथे दुखायला लागते त्याच्या बरंच आधी ठिपका रेषेच्या टोकाला पोचलेला हवा. नसेल पोचत तर रेष आणखी खडी कर. मानेला जास्त वळायची सवय लावायला जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान अवघडून बसशील आणि आई मला फोन करेल.

पिचचं गणित वेगळं. लढाईत तू स्टिक पोटाशी ओढून वळत असतेस, तेव्हा शत्रू नेहमी वर, डोक्यावरच्या काचेतून दिसतो. खाली बघायचं ते फक्त घड्याळं आणि स्विचं. म्हणजे वरची बाजू जास्त खडी, खालची सौम्य. ओपनट्रॅकमध्ये 'असिमेट्रिक मॅपिंग' अशी खूण आहे, ती केलीस की दोन बाजूंना दोन रेषा मिळतात. बरेच जण हे करतच नाहीत आणि मग वर बघायला खुर्चीत मागे रेलतात. रोल मी अगदी थोडा ठेवते. क्षितिज उगाच तिरकं झालं की मला मळमळतं. तुला आवडत असेल तर ठेव, त्यात बरोबर-चूक काही नाही.

थरथर उरलीच तर अॅक्सेला फिल्टरमधलं स्मूदिंग वाढव, पण जपून. जास्त वाढवलंस की मान आधी वळते आणि दृश्य मागून येतं, मग लढाईपेक्षा पोटात जास्त ढवळतं. थोडी थरथर चालेल, उशीर नको. डीसीएसमधल्या एफ/ए-१८सी हॉर्नेटवर हे लगेच जाणवतं, कारण तिच्या हेल्मेटमध्येच साइट आहे आणि एआयएम-९एक्स क्षेपणास्त्र तू बघशील तिकडे बघतं. तिथे डोकं हा नेम धरायचा अवयव आहे.

अजून एक छळ होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. नुसती मान वळवलीस तरी कॉकपिटमध्ये डोकं बाजूला सरकेल. कारण मान फिरते मणक्यावर, आणि कॅमेरा बघतो तुझं नाक नाहीतर कानाजवळची क्लिप, ती तर फिरताना सरकणारच. ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये डोक्याच्या मध्याचं अंतर भरायची सोय असते. तिथले आकडे थोडे थोडे बदल, आणि मान वळवूनही सरकण्याची रेष जवळपास शून्यावर राहिली की थांब.

पुढे-मागे होण्याच्या अक्षावर काहीजण झूम लावतात. मी लावत नाही. घड्याळ वाचायला पुढे वाकणं हीच खरी हालचाल आहे. लांबचा ठिपका ओळखायला झूम हवाच, पण तो थ्रॉटलवरच्या चाकावर बरा.

सरावाला काही विकत घेऊ नकोस. डीसीएससोबत टीएफ-५१डी मस्टँग फुकट मिळतं. त्यात बंदुका नाहीत, त्यामुळे गोळ्या झाडायचा मोहच नाही, आणि वरची काच बुडबुड्यासारखी, सगळीकडे उघडी. जमिनीवरच सुरुवात कर. शेपटीच्या चाकावर उभं असताना नाक एवढं वर असतं की पुढची धावपट्टी दिसतच नाही. नागमोडी चालवत, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने डोकं काढून बघावं लागतं. मग उड, आणि खांद्यावरून शेपटीकडे बघत विमान सरळ ठेवायचा प्रयत्न कर. भयंकर कठीण जातं, कारण तुझा हात नकळत मानेच्या मागे जातो. ते जमलं की एआयचं एक विमान सोबत सोड आणि त्याच्याभोवती फिर. नजर त्याच्यावरून काढायची नाही. बहुतेक वेळा ते हरवतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर मान नेताना. तेव्हा पंखाचं टोक, काचेची कड, असं काहीतरी ओळखीचं धरून नजर ने, आकाशात भिरभिरू नकोस.

शनिवारी बसशील तेव्हा दोन्ही कर्व्हचे स्क्रीनशॉट पाठव. पिचच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर फोन करून ओरडा खाशील.